हवाई अंतर, उड्डाणवेळ आणि विसरलेली मजल

प्रश्न असा: ‘सोलापूर ते मुंबई हवाई अंतर एक तास’ असं लिहिलेलं चालेल का? आणि ‘उड्डाणवेळ’ हा शब्द बरोबर आहे का?

नाही चालत. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून हे वाक्य ऐकून कान किटले. हवाई अंतर म्हणजे नकाशावरची सरळ रेघ, ती सुमारे ३६० कि.मी. भरते. रेल्वेनं तेच ४५५ होतं. वैमानिक मोजतो सागरी मैल, म्हणजे १९४. हा मैल १.८५२ कि.मी.चा. त्याला रस्त्यावरचा मैल समजून १.६ नं गुणलं की ३१० येतात आणि पन्नास किलोमीटर परस्पर गायब!

‘उड्डाणवेळ’चं दुखणं लिंगाचं. ‘ती वेळ’ घड्याळातली, ‘तो वेळ’ लागलेला. विमानाची वेळ चुकते, पोचायला वेळ लागतो. त्यामुळं ‘प्रवासाची वेळ ६५ मिनिटे’ हे मराठी नव्हे. ‘प्रवासाचा वेळ’ म्हणा, नाहीतर सरळ ‘उड्डाणकाळ’. तोही जपून वापरा. तिकिटावरच्या दोन वेळांमधला अवधी उभ्या विमानाच्या चाकांना अडवणारे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. ताशी ५०० कि.मी. वेगानं हे अंतर ४३ मिनिटांत संपावं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढ-उतार आणि मुंबईवर उतरायला जागा मिळेपर्यंतच्या घिरट्या धरल्या की तास होतो.

आता शुद्धिवाद्यांकडे वळू. अंतर कधीच तासांत मोजू नये, हा त्यांचा हट्ट निव्वळ पोकळ आहे. दोन भावांत तीन वर्षांचं ‘अंतर’ असतं, ‘कालांतर’ तर संस्कृतातून आलंय. बिघडवलं ते ‘हवाई’नं, कारण त्यानं अंतर सरळ रेघेला बांधलं. याच मंडळींचा आवडता पर्याय म्हणजे कोस. क्रोश म्हणजे हाक. हाक ऐकू जाईल तेवढी वाट. छान आहे, पण त्यात वेळ कुठाय?

वेळ आणि वाट दोन्ही एका शब्दात हवी तर ‘मजल’. एका दमात, साधारण दिवसभरात, चालायची वाट. पाणी, चारा आणि चढ पाहून ती आखूड-लांब व्हायची, म्हणून तिला कोसांत बसवणारे फसतात. मूळ अरबी ‘मंझिल’, धातू न-झ-ल, अर्थ खाली उतरणं. म्हणजे मजल मोजली जाते ती चालण्यानं नव्हे, उतरण्यानं: घोड्यावरून उतरलात की मजल संपली. विमानाला याहून चपखल शब्द मिळेल? इमारतीचा ‘मजला’ याच घरातला, ‘नझूल’ म्हणजे सरकारी जमीनही त्याच धातूची. माझ्या मते ‘त्याची तेवढी मजल नाही’ हाही मुळात मुक्कामाचाच हिशेब: तेवढ्या लांबवर पोचून उतरण्याचा दम नाही. यावर कोशकार काहीही म्हणोत.

आणि ‘दरमजल करत आले’ असं अर्धवट लिहू नका. ‘मजल दरमजल’. मुक्कामामागून मुक्काम. सोलापूर-मुंबई थेट विमानाला ते लागूच नाही. ती एकच मजल.