आधी मंजुरी, मग कुदळ : पश्चिम आंबेगावच्या डोंगरउतारावरील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो,

होळी झाली की घोडेगावच्या वरच्या अंगाला, डिंभे धरणापासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंतच्या गावांतून एकच विचारणा सुरू होते: खाचर (उतारावर बांध घालून केलेलं भाताचं सपाट शेत) पाडायचंय, सरकार काय देईल? यंदा आलेल्या प्रश्नांपैकी सगळ्यांच्या उपयोगाचे काही निवडले आहेत.

दीड एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आहे, नाचणी-वरई होते. जेसीबी लावून आठवड्यात खाचरं पाडतो. नंतर बिल जोडलं तर अनुदान मिळेल का?

नाही मिळणार. आधी पाहणी, मोजमाप, अंदाजपत्रक आणि मंजुरी, मग कुदळ. हा क्रम उलटा झाला की चांगल्या कामाचेही पैसे मिळत नाहीत. रोजगार हमीतून काम घेतलंत तर ठेकेदार लावता येत नाही आणि मजुरांच्या हातचं काम यंत्राला देता येत नाही. पण स्वतःच्याच रानात घरच्यांनी राबून त्याची मजुरी खात्यावर घेता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. त्यासाठी जॉबकार्ड हवं आणि ग्रामसभेच्या आराखड्यात तुमचं काम हवं. अनुसूचित जमातीची कुटुंबं, वनहक्कधारक, स्त्री कुटुंबप्रमुख असलेली घरं, अल्प व अत्यल्प भूधारक हे सगळे वैयक्तिक कामाला पात्र आहेत. ग्रामसभेला जा आणि नाव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

जेसीबीबद्दल माझा विरोध पैशांपुरता नाही. पडकई हा शब्द सरकारने आणलेला नाही. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या, अशी मिळून खाचरं पाडायची ही आपल्याकडच्या महादेव कोळी समाजाची जुनी रीत. खाचरं पाडायच्या सरकारी योजनेने ते नाव नंतर घेतलं. हाताने पाडलेल्या खाचरात माणूस माती बघून थांबतो. यंत्र थांबत नाही.

हिशोब करून पाहा. उतार 12 टक्के असेल आणि खाचर 5 मीटर रुंद धरलं, तर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत 60 सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे वरच्या बाजूला 30 सेंटिमीटर खणायचं आणि ती माती खाली भरायची. तुमच्या रानात मातीच 30 सेंटिमीटर असेल तर वरच्या कडेला मुरूम उघडा पडला. तिथे पुढची कित्येक वर्षं भात पिवळा राहील, खत कितीही टाका. म्हणून आधी दोन-तीन जागी खड्डा घेऊन मातीची खोली बघा आणि ती कमी असेल तर खाचर अरुंद ठेवा. वरची काळी माती आधी बाजूला ओढून ठेवायची आणि तळ सपाट झाल्यावर पुन्हा पसरायची. या एका कामात कंटाळा करू नका, सगळं पीक त्यावर आहे.

समपातळी रेषा नजरेने आखू नका. सारख्या लांबीच्या दोन काठ्या माथ्याला बांधा, मध्ये एक आडवी काठी, माथ्यावरून दोरीला दगड सोडा. दगडाची दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. कृषी सहायकांना बोलवा, पण ही ए-फ्रेम घरोघरी असावी असं मला मनापासून वाटतं.

जमीन सामाईक आहे. दोन चुलते मुंबईला असतात. अर्ज अडेल का?

सातबारा सामाईक असला तर इतर खातेदारांची संमती लागते. गणपतीला किंवा जत्रेला सगळे गावी येतात तेव्हाच संमतीपत्र करून घ्या. फोनवरचं 'हो' फाइलला लागत नाही. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा, 2025 पासून कृषी योजनांना तो बंधनकारक आहे. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या ऑनलाइन अर्जाच्या संकेतस्थळावर, आता सोडत नाही, आधी येणाऱ्या अर्जाला आधी संधी आहे.

वनपट्ट्याच्या, म्हणजे वनहक्क कायद्याने मिळालेल्या जमिनीवर ही कामं होतील का?

होतील. मंजूर वनहक्क दाव्याच्या क्षेत्रावर बांधबंदिस्ती, खाचर, फळझाडं घेता येतात. रोजगार हमीत फळबाग पाच गुंठ्यांपासून 2 हेक्टरपर्यंत बसते. जिरायत बागेत 75 टक्के झाडं जगली पाहिजेत, तरच पुढच्या वर्षाचं अनुदान. मात्र पट्ट्याच्या हद्दीबाहेर एक घमेलंही माती उकरू नका.

विहीर आणि ठिबक?

आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेत नव्या विहिरीला 4 लाख रुपयांपर्यंत आणि जुनीच्या दुरुस्तीला 1 लाखापर्यंत मदत आहे. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकांना केंद्राचे 55 आणि राज्याचे 25 मिळून 80 टक्के, इतरांना 75 टक्के. ही टक्केवारी सरकारी मापदंडाच्या खर्चावर धरतात, दुकानदाराच्या बिलावर नाही.

माळीणनंतर डोंगरावर माती हलवायची भीती वाटते. खाचरं करावीत की नाही?

हा प्रश्न एका ताईंनी विचारला आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर आला, दीडशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा पडकईकडेही बोट दाखवलं गेलं, त्यावर मतभेद आहेत. मी एवढंच सांगेन की आपल्या पावसात पाणी अडवण्याइतकंच जादा पाण्याला वाट देणं गरजेचं आहे. पाणी अडवायला उतारावर खणलेल्या 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी मावतं. आषाढातल्या एका सरीत ते भरतं. उरलेलं पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. प्रत्येक खाचराला दगडी सांडवा काढा आणि त्याचं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर न सोडता ओहोळापर्यंत न्या. घरांच्या वरच्या तीव्र उतारावर, जिथे खाली खडक आणि वर सैल मातीचा जाड थर आहे, तिथे चर किंवा नवी खाचरं मागूच नका. तिथे हिरडा, बांबू, गवत राहू द्या.

उतारावर भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मधलं अंतर मोजा. दोन दिवसांनी पुन्हा मोजा. अंतर वाढलं असेल, झाडं किंवा खांब कलले असतील, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं असेल, तर तलाठी आणि तहसील कार्यालयाला लगेच कळवा आणि त्या रात्री घरात झोपू नका.