वर्णनात्मक संशोधनातलं 'वर्णन'

कोपरखैरण्याच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्या एम.एड. करत आहेत. आठवीच्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन त्यांनी मोबाइलचा वापर आणि अवांतर वाचन यांची पाहणी केली आणि लघुप्रबंधात पद्धत लिहिली 'वर्णनात्मक संशोधन'. 'मोबाइलच्या वापरामुळे विद्यार्थ्यांचे अवांतर वाचन कमी झाले आहे' या त्यांच्या वाक्याखाली मार्गदर्शकांनी लाल रेघ ओढली आणि समासात शेरा दिला : 'हे वर्णन नव्हे.' ताई विचारतात, टक्केवारीच्या तक्त्यांनी भरलेल्या कामाला मुळात वर्णन म्हणायचं तरी कसं? त्यापेक्षा 'विवरणात्मक' बरं नाही का?

ताई, विवरण नको. विवरण म्हणजे आवरणाच्या उलट, झाकलेलं उघडणं. विवरण ओवीचं करतात, सूत्राचं करतात. तिथे मजकूर आधीच हातात असतो, आपण त्याचा अर्थ उलगडतो. तुमच्यासमोर मजकूर नव्हता, मुलं होती, आणि जे दिसलं ते तुम्ही मांडलंत. त्याला वर्णनच म्हणायचं.

पण तुमची अडचण खरी आहे, कारण मराठीत हा शब्द बरंच सामान घेऊन येतो. वर्ण् या संस्कृत धातूत रंगवणं आहे, वर्णन करणं आहे आणि स्तुतीही आहे. म्हणून आपण देवाचा महिमा वर्णितो आणि 'वर्णन करावं तेवढं थोडंच' म्हणतो. शाळेतला वर्णनात्मक निबंध पावसाळ्याचा असतो आणि त्यात उपमा घातल्या की गुण वाढतात. भरीला, राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून 'वर्णनात्मक' झाली, तिथे त्याचा अर्थ विस्ताराने उत्तर लिहिणं. इतकं सगळं कानावर पडल्यावर वर्णनात आकडा बसत नाही असं वाटणारच.

संशोधनातल्या वर्णनाला जवळचा मराठी शब्द मला विचाराल तर मी पंचनामा सांगेन. वर्तमानपत्री मथळ्यातला, कोणाची तरी खरडपट्टी काढणारा नव्हे. खरा, पंचांसमक्ष लिहिलेला. दाराचं कुलूप तुटलेलं, कपाट उघडं, आतला खण जमिनीवर पालथा. काय, कुठे, किती, कोणत्या स्थितीत, एवढंच त्यात येतं. कुलूप कोणी तोडलं आणि का, हे पंचनामा सांगत नाही. वर्णनात्मक संशोधनही 'का' या प्रश्नाशी थांबतं. संशोधक परिस्थितीत हात घालत नाही, आहे तशी नोंदवतो. फरक असा की पंचनामा एका खोलीचा आणि पाहणी पुष्कळांची, म्हणून मोजदाद येते. सरासरी आणि टक्केवारी ही वर्णनाचीच भाषा आहे. संख्याशास्त्राच्या त्या भागाचं नावच वर्णनात्मक संख्याशास्त्र.

आणि 'नुसतं वर्णन' असं कोणी म्हणालं तर खचू नका. हे काम सोपं नसतं. गेल्या रविवारी मी इथे ठाण्यात राम मारुती रोडवर दुकानांच्या पाट्या वहीत उतरवत निघालो. मराठी किती, इंग्रजी किती, एवढाच हिशोब होता. तिसऱ्याच पाटीशी अडलो. 'मेडिकल अँड जनरल स्टोअर्स', सगळं देवनागरीत. लिपी धरली तर मराठी, शब्द धरले तर चारही इंग्रजी. पुढे एक पोळी-भाजी केंद्र लागलं, अस्सल मराठी नाव आणि पाटीवर मोठी अक्षरं रोमन! मग वहीत लिपी आणि शब्द असे दोन रकाने आखले आणि मागे जाऊन पहिल्या पाटीपासून पुन्हा सुरुवात केली. काय मोजायचं हे आधी लिहून ठेवलं नाही तर मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. एम.एड.च्या पुस्तकांत याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. पुष्कळ जण ती दोन ओळींत उरकतात, पण माझ्या मते सगळ्या पाहणीचा जीव तिच्यात असतो.

आता लाल रेघेकडे येऊ. २०२२ मध्ये दुकानांविषयीच्या राज्याच्या कायद्यात सुधारणा झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. (हिंदीत कायद्यातल्या अशा सुधारणेलाच 'संशोधन' म्हणतात, हिंदी संदर्भपुस्तकं वापरत असाल तर इकडे लक्ष असू द्या.) समजा माझ्या वहीत मराठी पाट्या भरपूर निघाल्या. 'कायद्यामुळे मराठी पाट्या आल्या' असं मला लिहिता येईल? नाही येणार. त्या कायद्याआधीच्या असतील, गिऱ्हाईक मराठी म्हणून लावलेल्या असतील. 'मुळे' या शब्दयोगी अव्ययात मूळ आहे. ते लिहिलं की आपण मुळापर्यंत खणलं असा दावा होतो, आणि मी तर रस्त्यावरून चालत गेलो होतो. कारण सांगायचं तर प्रयोग लागतो : मुलांचे दोन सारखे गट, एकाचा मोबाइल कमी करायचा, दुसऱ्याचा तसाच ठेवायचा, मग दोघांचं वाचन मोजायचं. तुम्ही ते केलं नाहीत आणि करायचंही नव्हतं. 'परिणामी', 'साहजिकच', 'त्यामुळेच' हे सगळे त्याच 'मुळे'चे भाऊबंद. प्रबंधभर शोधून काढा.

त्या वाक्यात दुसरीही चूक आहे, जिच्यावर रेघ पडलेली नाही. 'कमी झाले' म्हणायला आधीचं माप हवं. तुम्ही मुलांना एकदाच भेटलात. पूर्वी कोणी पाहणी केली असेल तरी तिची व्याप्ती तपासावी लागते. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, देशातल्या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा निघाला. आजच्या जिल्ह्याचा आकडा त्याशेजारी ठेवून 'लोकसंख्या घटली' म्हणणं किती चुकीचं ठरेल! वर्णनाला तारीख असते आणि हद्दही असते.

भाषेच्या अभ्यासात या शिस्तीचं मला फार मोल वाटतं. ब्रिटिश काळातले भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा. बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलींतून लिहवून घेऊन तिथे शेजारी शेजारी मांडली आहे, त्यात आगरीही आहे. आज तुमच्या कोपरखैरण्यात, घणसोलीत आगरी ऐकताना शुद्ध-अशुद्ध म्हणायच्या आधी कोणीतरी ती जशी होती तशी टिपली, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : 'रोज तीन तासांहून अधिक मोबाइल वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे अवांतर वाचन इतर विद्यार्थ्यांपेक्षा कमी आढळले.' तीन तासांच्या जागी तुमच्या तक्त्यातली मर्यादा घाला. 'आढळले' मात्र तसंच ठेवा, 'सिद्ध झाले' करू नका.

फक्त ते लिहिण्याआधी प्रश्नावली एकदा उघडून बघा. मोबाइलवर वाचलेली गोष्ट तुम्ही अवांतर वाचनात धरली होती का?