प्रोजेक्ट समजावून सांग म्हटलं की तोंडच उघडत नाही

प्रश्न: ताई, मी यंदा बीई कॉम्प्युटर झालो, नाशिकरोडला राहतो. नोकरीसाठी इंटरव्ह्यू देतोय, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आरामात निघते पण टेक्निकल राउंडला गाडी अडते. मागच्या वेळी प्रोजेक्टवर एवढं खोदून विचारलं की मी गप्पच बसलो. प्रोजेक्ट चौघांचा होता, कोड जास्त मित्रानेच लिहिला. क्लासवाले म्हणतात अजून एक कोर्स लाव. लावू का?

उत्तर: नको, निदान आत्ता तरी नको. तुझं घोडं कोर्सपाशी नाही, रेझ्युमेपाशी अडलंय. कॉलेजच्या ओरलला एक्स्टर्नल रिपोर्ट चाळतो, दोन प्रश्न विचारतो आणि सही करून मोकळा होतो, इंटरव्ह्यूवाला मात्र तू लिहिलेली ओळ न् ओळ धरून आत शिरतो कारण त्याला तेवढंच माहितीये तुझ्याबद्दल.

समज प्रोजेक्ट अटेंडन्स सिस्टिमचा आहे. तो विचारणार, एकाच मुलाची हजेरी एकाच लेक्चरला दोनदा पडली तर? इथे ‘आम्ही रिअ‍ॅक्ट आणि मायएसक्यूएल वापरलंय’ हे उत्तर नाही ना! रोल नंबर, तारीख आणि लेक्चर या तिघांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावला की दुसरी एंट्री डेटाबेसच घेत नाही, एवढं सांगितलंस तरी समोरचा सरसावून बसतो. म्हणून या रविवारी मित्राला चहाला बोलव आणि त्याचा कोड ओळीओळीने समजून घे, एखादा भाग स्वतः पुन्हा लिहून बघ. जे केलं नाहीस ते सरळ सांग, ‘लॉगिन मित्राने केलं, टेबलं मी डिझाइन केली’, याला कोणी मार्क कापत नाही. पण मग टेबलांवर विचारलं की अडखळायचं नाही, एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) व्हेअरची गाळणी ग्रुपिंगच्या आधी लागते आणि हॅविंगची नंतर, असल्या गोष्टी झोपेतून उठवलं तरी आल्या पाहिजेत. आणि पायथॉनचं नुसतं ट्युटोरियल बघितलं असेल तर ते रेझ्युमेवरून आजच उडव.

कोडिंगला गप्प बसून लिहायची सवय मोड. लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक नोडकडे पुढच्याचा पत्ता असलेली साखळी, उलटी करायला सांगितली तर आधी विचार, लिस्ट रिकामी असू शकते का? मग बोलत बोलत कर, पुढच्या नोडचा पत्ता आधी जपून ठेवतोय, मग बाण मागे फिरवतोय. चुकलास तरी तुझं डोकं कुठे चाललंय ते त्याला दिसतं, मग तो हिंटही देतो. घरी आईला समोर बसवून बोल, तिला नाही कळलं तरी चालेल. इंग्रजी साधं असू दे, पाठ केलेलं लगेच कळतं.

भरतीचा ड्राइव्ह पुण्यात असेल तर आदल्या रात्रीच जा बाबा, पहाटेची एसटी चाकणला अडकली तर सगळंच मुसळ केरात. आणि ऑफरच्या आधी कोणी लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागितली तर एक रुपया देऊ नको, कितीही गोड बोलू दे. बाँड असेल तर किती वर्षांचा, मध्ये सोडलं तर किती भरायचे, ते सहीच्या आधी वाच आणि ओरिजिनल मार्कशीट फक्त दाखवायच्या, ठेवून यायच्या नाहीत.