क्यूआर कोड : पडद्यावर चालतो, कागदावर का नाही?

प्रश्न : माहितीपत्रकावर २ सेंटिमीटरचा क्यूआर कोड छापला. संगणकाच्या पडद्यावरून तो झटकन स्कॅन व्हायचा, छापल्यावर मात्र अनेक फोन अडखळतात. लिंक तर बरोबर आहे. मग चूक कुठे झाली?

बहुधा लिंकच्या लांबीत. कोडमध्ये जितकी अक्षरं भराल, तितके त्यातले काळे-पांढरे चौकोन वाढतात. कोडचा काही भाग खराब झाला तरी तो वाचता यावा, म्हणून त्यात दुरुस्तीची सोय असते. तिच्या मध्यम पातळीवर (एम) २५ अक्षरांची लिंक २५ बाय २५ चौकोनांत मावते. १५० अक्षरांची लिंक ४९ बाय ४९ मागते. म्हणजे त्याच २ सेंटिमीटरमध्ये एक चौकोन ०.८ मिलिमीटरवरून ०.४ मिलिमीटरवर येतो. शाई कागदावर थोडी पसरतेच, त्यामुळे बारीक पांढरे चौकोन आधी बुजतात. पडद्यावर शाई नसते, म्हणून तिथे ही अडचण दिसली नाही.

लिंक छोटी करा, तीही शक्यतो स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्यावर. संपूर्ण लिंक इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिली तर कोड ती आणखी दाटीने साठवतो : ज्या २५ बाय २५ च्या कोडमध्ये एरवी २६ अक्षरं मावतात, त्यात ३८ बसतात. डोमेनच्या नावाला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, त्यापुढच्या भागाला पडू शकतो. म्हणून कॅपिटल अक्षरांतली लिंक आधी उघडून बघा.

छापखान्याला स्क्रीनशॉट किंवा जेपीजी देऊ नका, कडा धूसर होतात. एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ (कितीही मोठं केलं तरी कडा धारदार राहणारी फाइल) द्या आणि कोड फक्त काळ्या शाईत छापायला सांगा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत केसभर जरी सरकला, तरी प्रत्येक चौकोनाला रंगीत कड येते.

प्रश्न : मधोमध लोगो आणि कंपनीचे रंग वापरले तर चालतात का?

चालतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत : एल, एम, क्यू आणि एच. त्या अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के खराब झालेला मजकूर भरून काढतात. लोगोसाठी एच निवडा. मात्र मघाचीच २५ अक्षरांची लिंक मग ३३ बाय ३३ वर जाते, त्यामुळे कोड मोठा छापावा लागेल. ३० टक्के सूट आहे म्हणून ३० टक्के जागा झाकायची, हा हिशेब चुकीचा. घडी, ओरखडा, डाग यांनाही त्यातलाच वाटा लागतो. लोगो एक दशांश जागेच्या आत ठेवा. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींना तर हातच लावू नका, फोन कोड ओळखतो तो त्यांच्यावरूनच.

रंग गडद असावा आणि पार्श्वभूमी फिकट. काळ्यावर पांढरा असा उलटा कोड सगळीच अ‍ॅप वाचत नाहीत. आणि भोवतीची कोरी जागा! चारही बाजूंना चार-चार चौकोनांएवढी हवी. मांडणी करताना पहिली कात्री तिलाच लागते आणि कोड शेजारच्या मजकुराला चिकटतो.

प्रश्न : पोस्टरवर कोड केवढा असावा?

जितक्या अंतरावरून स्कॅन होणार, त्याच्या निदान एक दशांश. ३ मीटरसाठी ३० सेंटिमीटर. चकचकीत लॅमिनेशनवर दिवा चमकतो, तिथे मॅट घ्या.

प्रश्न : छापल्यानंतर लिंक बदलता येईल असा ‘डायनॅमिक’ कोड घ्यावा का?

सोय चांगली आहे, पण नीट समजून घ्या. अशा कोडमध्ये सेवा देणाऱ्याची छोटी लिंक असते आणि ती पुढे तुमच्या पानावर नेते. वर्गणी संपली की लिंक बंद पडू शकते, छापलेली पत्रकं मात्र लोकांच्या हातात राहतात. स्वतःच्या डोमेनवर छोटं पान ठेवून तिथून वळवलंत तर ताबा तुमच्याकडे राहतो. वळवताना ३०२ हा संकेतांक वापरा, म्हणजे ‘तात्पुरतं हलवलं’. ३०१ म्हणजे ‘कायमचं हलवलं’ आणि ब्राउझर तो पत्ता लक्षात ठेवतो, त्यामुळे नंतर बदल केला तरी काहींना जुनंच पान दिसतं. पत्रक, पोस्टर आणि खोका यांना वेगवेगळ्या लिंक द्या, म्हणजे कुठून किती जण आले ते कळेल.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या जाहिरातीतही कोड टाकावा का?

एकटा नको. ज्या फोनवर चित्र उघडलंय, त्याच फोनचा कॅमेरा त्याच्यावर कसा धरणार? चित्राखाली लिंक मजकुरात द्या.