जुगाराच्या गणितात रमलेल्या प्राध्यापकाचं आयुष्य कसं असतं? ते स्वतः खेळून पैसे कमावतात का?

निदान मी तरी खेळत नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं संभाव्यता शिकवली, आता निवृत्त आहे. आयुष्य चारचौघा प्राध्यापकांसारखंच: पेपर तपासा, सुपरव्हिजन करा, नॅकच्या फायली भरा. फरक एवढाच, की लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हळूच शेजारी येऊन बसतं आणि म्हणतं, "सर, एखादा आकडा सांगा ना."

लोकांना वाटतं, गणितवाल्याला पुढचा आकडा दिसतो. मला दिसतो तो पैसे जाण्याचा वेग.

कॉलेजजवळच्या चहाच्या टपरीवर मटक्याचे एक जुने खेळाडू बसायचे. खिशात वही, वहीत मागचे सगळे आकडे. त्यांचं म्हणणं, काही ओपन (म्हणजे लागणारा एक अंक) जास्त लागतात, कारण त्यांच्या वाट्याला पाने (तीन आकड्यांचे गट) जास्त येतात. मी त्याच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. शून्य ते नऊमधले तीन आकडे, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. एकूण पाने २२०: सिंगल पत्ती (तिन्ही वेगळे) १२०, डबल (दोन सारखे) ९०, ट्रिपल (तिन्ही सारखे) १०. आता कुठल्याही पान्यातल्या तिन्ही आकड्यांत एकेक मिळवा, नऊचा शून्य करा. ओपन तीन घरं पुढे सरकतो. तीन-तीनच्या उड्या मारत गेलं, की दहाही अंकांना शिवूनच परत पहिल्या अंकावर यावं लागतं. म्हणून प्रत्येक ओपनच्या वाट्याला नेमके २२ पाने: १२, ९ आणि १. ना कमी, ना जास्त. दहात एक शक्यता आणि लागला तर रुपयाला नऊ, म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे बुकीच्या घरी. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हे बरोबरच आहे सर, पण आज सत्ता (सात) लागणार."

गोव्याच्या कॅसिनोत जाऊन आलेली पोरं वेगळंच सांगतात: आम्ही थोडेथोडे लावतो, म्हणून धोका कमी. गणित नेमकं उलटं आहे. एकच शून्य असलेल्या रूलेटवर (३७ घरांचं फिरतं चाक: १८ लाल, १८ काळी, एक शून्य) शंभराचे दोनशे करायचेत. सगळे एकदम लाल रंगावर लावले, तर यशाची शक्यता ३७ पैकी १८, म्हणजे जवळजवळ ४९ टक्के. तेच एकेक रुपया लावत शंभर संपेपर्यंत किंवा दोनशे होईपर्यंत बसलात, तर साधारण २२४ वेळांत एकदा. जितके जास्त डाव, तितकी त्या एका शून्याला कापायची संधी जास्त. बीएस्सीच्या वर्गात हे सांगितलं, की मागचा बाकही जागा व्हायचा.

खरोखर जिंकलेला प्राध्यापक हवा असेल, तर एडवर्ड थॉर्प. एमआयटीत असताना त्यांनी आयबीएम ७०४ संगणकावर ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचं गणित केलं. वाटून झालेले पत्ते परत येत नाहीत, म्हणून उरलेल्या गड्डीची शक्यता बदलत जाते, हे त्यातलं मर्म. मटक्यात किंवा रूलेटमध्ये ही सोय नाही. रूलेटला वेगळा मार्ग: १९६१ मध्ये माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन यांच्याबरोबर त्यांनी गोळीच्या वेगावरून घराचा अंदाज घेणारा, अंगावर लपवायचा छोटा संगणकही बनवला. १९६२ मध्ये त्यांचं ब्लॅकजॅकवरचं पुस्तक आलं, कॅसिनोंनी नियम कडक करायला सुरुवात केली आणि थॉर्प पुढे शेअर बाजाराकडे वळले. माणूस शहाणा.

आपल्याकडे हा विषय फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋतुपर्ण राजा विदर्भाकडे जाताना रथातूनच बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो. त्याचा सारथी झालेल्या नळाला खरं वाटत नाही, तो झाड पाडून मोजतो, आकडा जुळतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकतो. फासे बेहड्याच्या फळांचेच असायचे आणि मोजदादीची विद्या व द्यूताची विद्या ऋतुपर्णाकडे एकत्रच आहे, हे मला फार आवडतं.

आणि हो, मटका बेकायदेशीर आहे. मुंबईचा कायदा १८८७ चा. घोड्यांच्या शर्यतीला मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ मानलं. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर एकदा जाऊन बघा. पैसे न लावता भाव कसे हलतात ते पाहायला मजा येते.

कमाईचं म्हणाल, तर या विषयात खरे रमलेले माझे काही विद्यार्थी ॲक्च्युअरी झाले, विम्याचे हप्ते ठरवतात. पगार माझ्या शेवटच्या पगारापेक्षा बराच जास्त आहे.