भिंतीतले एचडीएमआय सॉकेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लातूर) : खालच्या दिवाणखान्यात आणि वरच्या खोलीत भिंतीत एचडीएमआय सॉकेट बसवून घेतले. खालचा टीव्ही एका सॉकेटला आणि वरचा दुसऱ्याला जोडला, तरी वर ‘नो सिग्नल’ एवढेच दिसते. वायरमन म्हणतो, केबल चांगली आहे. मग चूक कोठे आहे?

उत्तर : वायरमनचे म्हणणे बहुधा खरे असावे. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणारी जोडणी. घरगुती टीव्हीवरील एचडीएमआय पोर्ट चित्र आत घेण्यासाठी असतात, बाहेर पाठवण्यासाठी नव्हे. ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टातून उलट दिशेने जातो तो केवळ आवाज, आणि तो साउंडबारसाठी असतो. म्हणून जोडणी टीव्हीपासून नव्हे, तर सेट-टॉप बॉक्सपासून करावी : बॉक्समधून निघालेली केबल स्प्लिटरला (एकच सिग्नल दोन टीव्हींना वाटणाऱ्या डबीला) द्यावी, स्प्लिटरचे एक तोंड खालच्या टीव्हीला आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटला जोडावे. हा स्प्लिटर अ‍ॅडॉप्टरवर चालणारा असावा. एकाची दोन तोंडे करणारी साधी केबल स्वस्त मिळते, पण ती येथे उपयोगाची नाही. कारण चित्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक टीव्ही आपली क्षमता बॉक्सला कळवत असतो आणि एकाच तारेवरून दोन टीव्ही एकदम बोलू लागले की बॉक्सला काहीच उमगत नाही. याच कारणाने, एक टीव्ही जुना आणि दुसरा फोर-के (अधिक बारीक चित्र दाखवणारा) असेल तर बरेच स्प्लिटर दोघांनाही जुन्याला झेपेल तेवढेच चित्र देतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : दोन्ही खोल्यांत एकच चॅनेल दिसेल. खाली बातम्या आणि वर क्रिकेट हवे असेल, तर दुसरा बॉक्स घेण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न (नांदेड) : आमच्या घराचा स्लॅब पुढच्या महिन्यात पडणार आहे. एचडीएमआय केबल आताच पाइपात टाकून ठेवावी का? कोणती घ्यावी?

उत्तर : केबलपेक्षा पाइपाचा विचार आधी करावा. एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. २०१३ मधील २.० या आवृत्तीत वेग सेकंदाला १८ गिगाबिटवर गेला आणि २०१७ मधील २.१ मध्ये ४८ वर. घर पन्नास वर्षांसाठी बांधायचे आणि त्यात दहा वर्षांत जुनी होणारी केबल सिमेंटने कायमची बुजवायची, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. विजेच्या तारेसारखी ही केबल मध्येच तोडून जोडता येत नाही, कारण तिच्या तोंडात १९ पिना असतात. म्हणून ती अख्ख्या तोंडासह ओढता आली पाहिजे. तोंडावरचे प्लॅस्टिक साधारण २० मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे दिव्यापंख्यांसाठी वापरतात तो २० मिलिमीटरचा पाइप येथे निरुपयोगी ठरतो आणि २५ चाही अडतो. ३२ मिलिमीटरचा घ्यावा, वळणावर एल्बो न लावता लांब बेंड लावावेत आणि दोनपेक्षा अधिक वळणे येणार नाहीत असा मार्ग आखावा. आत ओढायची तार घालून दोन्ही तोंडे घट्ट बंद करावीत; स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे पाणी आत शिरले, तर पाइप जागच्या जागी चोंदतो. विजेच्या तारा या पाइपात घालू नयेत. सॉकेटसाठी खोल मेटल बॉक्स लावावा, कारण मागे केबलचे तोंड आणि तिचे वळण दोन्ही मावावे लागते. सॉकेट मात्र मागच्या बाजूलाही केबल खोचता येईल असेच घ्यावे.

केबल प्लॅस्टर आणि रंग झाल्यावर ओढावी. अंतर जास्त असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी, पण तिला दिशा असते : एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते. उलटी ओढली तर सगळा उद्योग पुन्हा करावा लागतो.

प्रश्न (परभणी) : थेट केबल लावली की फोर-के चित्र उत्तम येते. सॉकेटमधून घेतले की मधूनच पडदा काळा होतो. असे का?

उत्तर : आपण भिंतीतल्या केबलचीच लांबी मोजली असावी. बॉक्सपासून सॉकेटपर्यंतचा तुकडा, भिंतीतला तुकडा आणि तेथून टीव्हीपर्यंतचा तुकडा यांची बेरीज करावी. शिवाय प्रत्येक सॉकेट हा एक सांधा असून तेथे सिग्नल थोडा क्षीण होतो. साध्या तांब्याच्या केबलवर पूर्ण वेगाच्या फोर-केसाठी मी एकूण पाच मीटरवर भरवसा ठेवतो. आधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० (फोर-केहून खालचे, एचडी चित्र) निवडून पाहावे. पडदा काळा होणे थांबले, तर दोष अंतराचा किंवा सांध्याचा आहे. घरात केवळ एचडी चॅनेल पाहत असाल, तर ते तसेच ठेवण्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमच्या भिंतीत इंटरनेटची कॅट-६ केबल आधीच आहे. तिच्यावरून काम भागेल का?

उत्तर : भागेल. दोन टोकांना एक्स्टेंडरची (एचडीएमआयचा सिग्नल कॅट-६ वर चढवून पलीकडे उतरवणाऱ्या डब्यांची) जोडी लावावी; ‘एचडीबेसटी’ पद्धतीची जोडी १०० मीटरपर्यंत चित्र नेऊ शकते, स्वस्त जोड्या मात्र बहुतेक १०८० वरच थांबतात. केबल एका खोलीतून थेट दुसरीत गेलेली हवी, मध्ये इंटरनेटचा स्विच नको. ती शुद्ध तांब्याची आहे ना, हेही पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार लांब अंतरावर दगा देते.

प्रश्न (धाराशिव) : घर जुने, माळवदाचे आहे. भिंती दगडमातीच्या आणि दोन हात जाड आहेत. केबलसाठी झिरी (खाच) मारावी का?

उत्तर : मारू नये. त्या भिंतीवर माळवदाचा भार आहे आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा भिंतींचे काय झाले, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. केबल चौकटीच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून न्यावी, सॉकेटही भिंतीवर वरून बसणाऱ्या डब्यात लावावे. वळवाचे ढग गडगडू लागले की टीव्हीचा प्लग काढतो, तशी दोन्ही टोकांची एचडीएमआयही काढून ठेवावी. वीज केवळ प्लगच्या वाटेनेच येते असे नाही.