मीटरशी बोलण्याआधी नुसतं ऐका

गाडीच्या डॅशबोर्डवरचं मीटर स्वतः संदेश पाठवून चालवायचं असेल, तरी पहिल्याच दिवशी चालत्या गाडीच्या कॅन बसवर (गाडीतले कंट्रोलर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात, ते जाळं) संदेश पाठवू नका, ही कळकळीची विनंती. बऱ्याच गाड्यांत त्याच दोन तारांवर इंजिन आणि ब्रेकचे कंट्रोलरही बोलत असतात. भंगारवाल्याकडून तुमच्याच मॉडेलचं जुनं मीटर आणा, टेबलावर १२ व्होल्ट देऊन त्यावर हात बसवा.

गाडीत फक्त ऐकायचं. ओबीडी सॉकेटची (गाडी तपासायचं यंत्र जिथे लावतात ते सॉकेट) ६ नंबरची पिन कॅन-हाय, १४ नंबरची कॅन-लो. बॅटरी सोडवून या दोन्हींमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसतात, कारण बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. एमसीपी२५१५ मॉड्यूलवरही (तुमच्या मायक्रोकंट्रोलरला कॅन बसशी जोडणारी छोटी पाटी) तसाच एक जंपरने जोडलेला असतो. गाडीला लावताना तो जंपर काढा. मॉड्यूल लिसन-ओन्ली, म्हणजे फक्त ऐकायच्या, मोडमध्येच ठेवा. काहीच वाचता येत नसेल तर आधी मॉड्यूलवरचा क्रिस्टल (त्याला वेळेचे ठोके देणारा भाग) बघा. तो ८ मेगाहर्ट्झचा आणि कोडमध्ये १६ लिहिलेलं असलं की बसचा वेग चुकतो, आणि माणूस उगाच वायरिंग उसवत बसतो.

नव्या गाड्यांत ओबीडीमागे बहुधा गेटवे (आतले संदेश बाहेर येण्याआधी अडवणारा कंट्रोलर) असतो. मग तारा थेट मीटरच्या मागून घ्याव्या लागतात.

आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक्सिलरेटर हळूच दाबा आणि कोणते बाइट हलतात ते टिपा. टेबलावरच्या मीटरला तोच संदेश, मूळ गाडीत येतो त्याच अंतराने, सतत पाठवावा लागतो. थांबलात की काटा खाली येतो. तरीही काटा ढिम्म असेल तर संदेशात काउंटर (दर संदेशाला वाढणारा आकडा) किंवा चेकसम (संदेश बरोबर आहे का ते पडताळणारा आकडा) दडलाय का ते शोधा.